वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, वनकुसवड्याचे विस्तीर्ण पठार आहे. झाडी विरळ असल्याने येथे वाऱ्याला अडथळा कमी. म्हणूनच पवनचक्क्यांसाठी ही जागा निवडली गेली.

पवनचक्कीच्या पात्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्यांवरून वाहताना दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पाती फिरू लागतात. ही गती संथ असते. बहुतेक यंत्रांत गिअरबॉक्स ती अनेक पटींनी वाढवून जनित्राला देतो. तयार झालेल्या विजेचा दाब रोहित्राने वाढवून ती वीजजाळ्यात सोडली जाते.

सर्वांत महत्त्वाचा असतो वाऱ्याचा वेग. तो दुप्पट झाला, तर वाऱ्यातील शक्ती आठपट होते. मात्र ती सगळी हाती येत नाही. पात्यांना तिचा जास्तीत जास्त ५९.३ टक्के भागच मिळू शकतो, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिले. साधारणपणे सेकंदाला ३-४ मीटर वेगाला निर्मिती सुरू होते आणि २५ मीटरच्या आसपास यंत्र सुरक्षेसाठी थांबवले जाते.

महाराष्ट्रात पवनऊर्जेचा खरा हंगाम पावसाळ्याचा. उरलेल्या महिन्यांत वारा मंदावतो, त्यामुळे इतर वीजकेंद्रांची जोड अपरिहार्य ठरते.