विषाणूचं नाव सातबाऱ्यावर

दसरा-दिवाळी उरकली की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांकडे निघतात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. या पाच-सहा महिन्यांत ज्याला रोजची गोळी चुकवून चालत नाही, त्याची पंचाईत होते. एचआयव्हीवरची गोळी अशीच आहे. तब्येत ठणठणीत, रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडत नाही, मग गोळी कशासाठी? पहाटे अंधारात फडावर उभं राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडला तर त्यात त्याचं काही चुकत नाही. पण त्याचं उत्तर रक्ताच्या रिपोर्टात मिळत नाही. ते पेशीच्या केंद्रकात दडलेलं आहे.

एचआयव्हीचा कण इतका लहान, की एका मिलिमीटरात असे आठ हजार कण ओळीनं मावतील. त्याच्या पोटात निमुळतं, शंकूसारखं एक कवच असतं. एकाच प्रथिनाच्या सुमारे दीड हजार प्रती जुळून ते बनतं. आत आरएनएचे दोन धागे असतात, प्रत्येकावर साधारण ९,७०० अक्षरांचा मजकूर. सोबत दोन महत्त्वाची विकरं: एक आरएनएवरून डीएनए तयार करणारं आणि दुसरं तो डीएनए माणसाच्या डीएनएत जोडणारं, इंटिग्रेज. रोगप्रतिकार सांभाळणाऱ्या सीडी४ पेशीला विषाणू चिकटतो आणि हे कवच आत सोडतो.

माणसाचा डीएनए मात्र केंद्रकात, दुहेरी पडद्याआड असतो. उंदरांत रक्ताचा कर्करोग घडवणारा एक विषाणू पेशीचं विभाजन होऊन तो पडदा विरघळेपर्यंत वाट पाहतो. एचआयव्ही थांबत नाही. पडद्यावरच्या छिद्रांतून तो थेट आत शिरतो.

शिरतो कसा, यावर शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं अडले होते. छिद्राची रुंदी मोजली तर सुमारे ४० नॅनोमीटर, आणि कवच सर्वांत रुंद जागी ६०. तेव्हा कवच बाहेरच फुटत असणार, असं धरून चालणं भाग होतं आणि पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्याही तशाच निघाल्या. पण ही मापं पेशीतून सुट्या काढलेल्या छिद्रांची होती. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी बाधित पेशी आहेत तशा गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. २०२१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रांत छिद्रं ६४ नॅनोमीटरपर्यंत रुंद होती आणि त्यांत अख्खी कवचं दिसत होती.

नुसती रुंदी पुरत नाही. छिद्राच्या पोकळीत प्रथिनांच्या लवचिक तंतूंची दाटी असते आणि मोठ्या रेणूंना त्यातून जायचं तर पेशीची खास वाहक प्रथिनं सोबत लागतात. ती या तंतूंना धरत-सोडत पलीकडे जातात. एचआयव्हीच्या कवचावर त्या तंतूंना धरणाऱ्या खाचा आहेत, त्यामुळे कवच स्वतःच वाहकाचं काम करतं. दोन स्वतंत्र गटांनी २०२४ मध्ये हे ‘नेचर’ नियतकालिकात दाखवलं. इतक्या क्षुद्र कणाचं हे कसब पाहून थक्क व्हायला होतं.

केंद्रकात पोचल्यावर आरएनएचा डीएनए करण्याचं काम पुरं होतं, कवच फुटतं आणि इंटिग्रेज माणसाचा डीएनए कापून त्यात विषाणूचा डीएनए सांधतं. तोही कुठल्याही कोपऱ्यात नव्हे, तर मुख्यतः जिथे जनुकांचं काम जोरात चालू असतं तिथे. हे सातबाऱ्यावर नाव चढण्यासारखं आहे. एकदा नोंद झाली की पुढच्या प्रत्येक उताऱ्यावर ती येणार, तशी पेशी दुभंगली की दोन्ही पेशींत विषाणूची प्रत जाते.

औषधं नव्या पेशींना वाचवतात. जुनी नोंद पुसण्याची ताकद आज वापरात असलेल्या कोणत्याही गोळीत नाही. नोंद झालेल्या काही पेशी वर्षानुवर्षं गप्प बसतात. अशा पेशी आपोआप संपायच्या तर ७० हून अधिक वर्षं औषध घ्यावं लागेल, असा हिशेब अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये मांडला. अमेरिकेतल्या मिसिसिपीत २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाधित बाळाला तिसाव्या तासापासून औषधं दिली होती. दीड वर्षानं ती बंद झाली आणि पुढचे २७ महिने विषाणू दिसलाच नाही. जगभर आनंद झाला. २०१४ मध्ये तो परत आला.

भारतात सरकारी खर्चानं मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, सुरुवातीच्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचं जे.जे. होतं. आताच्या रोजच्या एका गोळीत तीन औषधं असतात. त्यांपैकी डोल्युटेग्राविर हे इंटिग्रेजलाच अडवतं. लेनाकॅपाविर हे नवं औषध त्याही आधी, कवचावरच्या त्याच खाचांत जाऊन बसतं. प्रतिबंधासाठी त्याचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा पुरतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनवण्याचा परवाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. पण लागण झालेल्यांच्या उपचारात ते एकटं पुरत नाही, जोडीला दुसरी औषधं लागतातच.

तेव्हा गोळी चुकू नये म्हणून फडावर निघण्याआधी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात जाऊन मुक्कामाचं ठिकाण सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा किंवा कारखान्याजवळच्या केंद्रावर नाव वर्ग करून घ्या. तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि २०१७ च्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, तुमच्या संमतीवाचून तिचा निकाल कुणाला सांगता येत नाही. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.