पटावरील अंतराळ-युद्ध

पटावरचें युद्ध भारतीयांस नवें नाहीं. चतुरंगाचें बुद्धिबळ झालें, परंतु घोड्यानें अडीच घरेंच कां चालावें, याचा जाब कोणी मागत नाहीं. सोंगटीच्या जागीं अंतराळयान आलें कीं मात्र असा जाब द्यावा लागतो. कारण त्याच्या चालीचा नियम न्यूटननें आधींच घालून दिलेला आहे.

महाप्याहून शीळफाट्याकडे जाणारी मालमोटार घ्या. चालकानें वेग देणें थांबविलें तर ती घर्षणानें मंदावते; स्टिअरिंग फिरविलें तर वळते. माणसाची गतीविषयींची सारी समजूत अशाच रस्त्यांवर घडलेली असते. अंतराळांत असा रस्ता नाहीं. इंजिन बंद झालें तरी यान त्याच वेगानें, त्याच दिशेनें जात राहतें. नुसतें तोंड फिरवून मार्ग वळत नाहीं. चित्रपटांतील यानें विमानांप्रमाणें गिरक्या घेतात, ती निव्वळ शोभा होय.

हें सत्य पटावर आणण्याची एक सुबक युक्ति अमेरिकेंत १९७३ सालीं निघालेल्या ‘ट्रायप्लॅनेटरी’ या खेळांत आढळते. मार्क मिलर व जॉन हर्शमन हे त्याचे कर्ते. यानानें मागील पाळीस जेवढी व ज्या दिशेनें मजल मारली, तेवढीच रेघ षटकोनी घरांच्या पटावर पुढें ओढावयाची. इंधनाचा एक अंश खर्चिला तर रेघेचें टोंक एक घर सरकवितां येतें. ग्रहाभोंवतालच्या घरांवर बाण छापलेले असतात. तेथून गेलेल्या यानाची पुढील रेघ बाणाच्या दिशेनें एक घर ओढली जाते. गुरुत्वाकर्षणाचा एवढा विषय एका बाणांत मावावा, हें खरोखर कौतुकाचें आहे.

पण नियम खरा असला म्हणजे खेळ जमतोच असें नाहीं. तो खेळूनच पाहावा लागतो. आलेखाचा कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली एवढ्या साहित्यावर ही परीक्षा घरींहि होऊं शकते. समजा, यानाचा वेग प्रत्येक पाळीस एका घरानें वाढवितां येतो. सहा पाळ्यांत तो सहा घरांवर जातो व एकवीस घरें मागें पडतात. आतां थांबावयाचें तर आणखी सहा पाळ्या हव्यात, आणि तेवढ्यांत यान पंधरा घरें पुढें गेलेलें असतें. नवखा खेळगडी पहिल्या डावांत पटाबाहेर जातो तो यामुळेंच. हा दोष नियमाचा नव्हे. दुसऱ्या डावांत तो वेळेवर वेग आवरूं लागला, तर नियमानें आपलें काम केलें.

खरी अडचण निराळीच निघते. अशीं दोन यानें सहा-सहाच्या वेगानें समोरासमोर येत आहेत, मध्यें सहा घरांचें अंतर आहे आणि तोफेचा पल्ला पांच घरांचा आहे. ‘आधीं चाल, मग मारा’ असा नियम असेल, तर पाळीच्या आरंभीं मारा पोंचत नाहीं. पाळी संपते तेव्हां यानें एकमेकांस ओलांडून पुन्हां सहा घरें दूर गेलेलीं असतात. प्रत्यक्षांत तीं अगदीं उरास उर लावून गेलीं, पण गोळी एकहि सुटली नाहीं! नियम नुसते वाचून ही चूक बहुधा ध्यानांत येत नाहीं. वेगवाढ कमी केली तर डाव रेंगाळतो. पाळी लहान केली तर हिशेब वाढतो. चालीच्या मध्यावर थांबून अंतर मोजावें, हा उपाय त्यांतल्या त्यांत बरा. त्यानें गतीच्या सत्यास धक्का लागत नाहीं.

परीक्षेच्या वेळीं खेळाच्या कर्त्यानें मौन पाळावें हें उत्तम. नियमांचा कागद अपरिचितांच्या हातीं द्यावा आणि ते कोठें अडतात तें टिपावें. महाप्याच्या बिझनेस पार्कांत संगणकाचें काम करणाऱ्यांस हें सांगावयास नको. आज्ञावली लिहिणाराच तिचा एकमेव परीक्षक असूं नये, हें ते जाणतात. एका वेळीं एकच नियम बदलावा, नाहींतर गुण कशानें आला तें कळत नाहीं.

नियमांची सर्वांत कडक कसोटी मात्र युद्धांत नसून भेटींत आहे. दोन यानें एकाच घरांत, एकाच वेगानें व दिशेनें आणून पाहावीं. ‘स्पेडेक्स’ मोहिमेंत ३० डिसेंबर २०२४ रोजीं सोडलेले दोन भारतीय उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजीं एकमेकांस जोडले गेले. तत्पूर्वीं १२ जानेवारीस ते पंधरा मीटरांवर, मग तीन मीटरांवर आणून पुन्हां दूर नेण्यांत आले होते.