ट्रकचं पुढचं टायर एका कडेनं खातंय? नवं चढवण्याआधी कारण शोधा

गाळप हंगाम तोंडावर आला की पावसाळाभर वस्तीवर उभे असलेले ट्रक बाहेर निघतात. ऑइल, ग्रीस, बॅटरी सगळं बघितलं जातं. टायर मात्र 'अजून नक्षी आहे, चालतंय' म्हणून तसंच राहतं. मग चार खेपा झाल्या की ड्रायव्हर सांगतो, पुढचं टायर कडेनं खातंय आणि साठच्या पुढं स्टेअरिंग थरथरतंय.

अशा वेळी बरेच जण खाल्लेलं टायर मागं टाकतात आणि पुढं नवं चढवतात. थरथर थोडे दिवस कमी होते, पण दोष गाडीतच राहतो आणि तो नवं टायरही खातो. हप्ता चालू असलेल्या गाडीला हे परवडत नाही. त्यात भरल्या उसानिशी पुढचं टायर फुटलं तर गाडी एका अंगाला ओढते आणि सांभाळणं अवघड होतं. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीवही त्यात असतो.

टायरची झीज काय सांगते?

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा. तार बाहेर आलेली नाही ना, हे आधी डोळ्यांनी बघा. मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर.

- दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला : हवा कमी किंवा माल जास्त.
- मधला पट्टा झिजला, कडा चांगल्या : हवा जास्त.
- दोन्ही पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा झिजल्या : चाकं पुढच्या बाजूनं जास्त आत वळलेली, म्हणजे टो-इन जास्त. दोन्हीच्या आतल्या कडा झिजल्या तर टो-आउट.
- नक्षीला करवतीसारखी धार आली : हात आत नेताना गुळगुळीत आणि बाहेर आणताना धार लागत असेल तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट.
- एकाच टायरची एकच कड गेली : किंगपिन झिजली, हब बेअरिंग ढिलं झालं किंवा एक्सल वाकला, याचा संशय घ्या.
- जागोजागी वाटीसारखे खोलगट भाग : बॅलन्सिंग बिघडलं, शॉकअप गेले किंवा बेअरिंग ढिलं.
- एकाच जागी सपाट चट्टा : ब्रेक जाम होऊन चाक घासत गेलं.

थरथर नेमकी कधी होते?

मिस्त्रीकडं गेल्यावर 'स्टेअरिंग हलतंय' एवढंच सांगू नका. कधी हलतंय ते सांगा, निम्मं काम तिथंच होतं.

ठराविक वेगाला थरथर सुरू होऊन पुढं कमी होत असेल तर आधी बॅलन्सिंग बघा. अगदी कमी वेगातही चाक डुलत असेल तर डिस्क वाकलेली असते किंवा टायरला फुगा आलेला असतो. फुगा दिसला तर ते टायर त्याच दिवशी काढा. फक्त ब्रेक मारल्यावर हादरत असेल तर ब्रेक ड्रम गोल राहिलेला नाही. खड्ड्यात चाक आपटल्यावर स्टेअरिंग नाचायला लागत असेल तर किंगपिन, टाय रॉडचे जॉइंट आणि पाट्यांचे यू-बोल्ट तपासा. शेतातून बांध ओलांडून भरलेली गाडी काढणाऱ्यांनी यू-बोल्टकडं जास्त लक्ष द्यावं. स्टेअरिंग शांत आणि सीटच हादरत असेल तर दोष बहुधा मागच्या चाकात किंवा प्रोपेलर शाफ्टमध्ये असतो.

जॅकवर करायची तपासणी

गाडी रिकामी पाहिजे. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढचा एक्सल उचला आणि त्याखाली घोडी द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर हब बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिली तर किंगपिनचं काम आहे. चाक डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली तर टाय रॉडचे जॉइंट बघा. चाक हातानं फिरवलं की डिस्क डुलते का, तेही दिसतं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

इथंच पैसे वाया जातात. किंगपिन ढिली ठेवून अलाइनमेंट केलं तर मशीनवर माप बरोबर दिसतं आणि पहिल्या खड्ड्यात बिघडतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी हवा, मग बेअरिंग, किंगपिन, जॉइंट आणि पाटे, मग डिस्क आणि बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट. त्यानंतरच नवं टायर.

हवा आणि वजन

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, गार टायरमध्ये मोजा. पळून आलेल्या टायरमध्ये ती वाढलेलीच दिसते, ती सोडू नका. टायर किती वजन पेलतं, ते त्याच्या कडेवर लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, १४६/१४३ असेल तर एकटं टायर ३,००० किलो आणि जोडीतलं प्रत्येक टायर २,७२५ किलो पेलतं, तेही हवा पूर्ण असेल तरच. जादा माल भरला तर टायर तापतं, कडा खातात. शिवाय कायद्यानं २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागं २,००० रुपये वेगळे.

मागच्या जोडीत एक नवं आणि एक झिजलेलं टायर घालू नका. मोठ्यावर सगळा भार येतो, लहान घासत जातं. पुढं रिमोल्ड टायर नको. एकाच एक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन असंही नको. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर कायद्यानंही बाद. चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळा.

कारखान्यावर नंबर लागेपर्यंत गाडी उभीच असते. त्या वेळात पुढच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवायला पाच मिनिटं पुरतात. हब हाताला जास्त गरम लागलं, नवी धार आली किंवा फुगा दिसला, तर पुढची खेप भरण्याआधी मिस्त्री गाठा.