तुमची 'ची' ब्लॉक झालीये म्हणे!

वीकएंड वर्कशॉपपासून डेस्कवरच्या लाफिंग बुद्धापर्यंत सगळीकडे 'ची'चा बोलबाला आहे. पण चिनी माणूस जेव्हा 'ची' म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचं असतं?

'आज एनर्जीच नाहीये यार!' हे वाक्य या आठवड्यात तुम्ही किती वेळा म्हणालात? मोजू नका, उगाच टेन्शन येईल. लोकलची लटकंती, लागोपाठ तीन मीटिंग्ज, रात्री साडेअकराला बॉसचा 'क्विक कॉल'... आणि मग ग्रुपमधला एखादा सर्वज्ञ मित्र गंभीर चेहऱ्याने निदान करतो, 'तुझी ची ब्लॉक झालीये.' उपायही त्याच्याकडे तयार असतो. दोन दिवसांचं वर्कशॉप, एनर्जीचं ब्रेसलेट, नाहीतर डेस्कची दिशा बदलणं. सगळ्यात कॉमन काय, तर पैसे आधी भरायचे!

मुळात हा शब्द मराठीत आला तोच अडचणीत. आपल्याकडे 'ची' हा षष्ठीचा प्रत्यय. त्यातून मूळ चिनी उच्चार 'छी'च्या जवळ जाणारा. तो जसाच्या तसा घेतला तर आणखीच पंचाईत. 'सध्या माझी छी वाढलीये' असं ऑफिसात कोण सांगणार? तेव्हा आपण 'ची'वरच भागवू. २०१६ च्या 'कुंग फू पांडा ३'मध्ये ही 'ची' सोनेरी प्रकाशासारखी झळाळते, आणि आपल्या डोक्यातही साधारण तेच चित्र असतं. शरीरात भरलेला करंट. कमी झाला की चार्जिंगला लावायचा. गंमत म्हणजे दोन-अडीच हजार वर्षं 'ची'बद्दल लिहिणाऱ्या चिनी मंडळींना हे चित्र ओळखूही आलं नसतं.

भातावरची वाफ

जुन्या पद्धतीने लिहिलेल्या 'ची' या अक्षरात वर वाफेची खूण असते आणि खाली तांदळाची. शिजणाऱ्या भातावरून उठणारी वाफ, असा त्याचा सगळ्यांना आवडणारा अर्थ. आजच्या चीनमधल्या सोप्या लिपीत खालचा तांदूळ काढून टाकलाय, वाफ तेवढी उरलीये.

आणि ही वाफ चिनी भाषेत कुठे कुठे शिरलीये ते बघा. हवामानाला म्हणतात 'थ्येन-ची', म्हणजे आकाशाची ची. आपण श्वास घेतो ती हवा 'खोंग-ची', रिकाम्या जागेतली ची. राग येणं म्हणजे 'शंग-ची', ची निर्माण होणं. माणसाचा स्वभाव, त्याचा टेम्पर म्हणजे 'फी-ची', प्लीहेची ची. कंजूष माणूस 'श्याओ-ची', छोट्या ची'चा. पाहुण्यासारखा संकोच, औपचारिकपणा म्हणजे 'ख-ची', पाहुण्याची ची. आणि माणूस गेला की 'त्वान-ची', ची तुटली. एक खास जोकही आहे. श्वासनलिकेच्या सुजेला म्हणतात 'ची-क्वान-येन'. उच्चार जवळपास तोच ठेवून अक्षरं बदलली की अर्थ होतो 'बायकोचा कडक बंदोबस्त'! तेव्हा कुणी डोळा मारून 'त्याला ब्राँकायटिस झालाय' असं सांगितलं, तर कफ सिरप शोधायला धावू नये.

आता या सगळ्या शब्दांत 'ची'च्या जागी 'एनर्जी' घालून बघा. जमत नाही ना? पण आपला साधा 'हवा' शब्द घाला. 'आज हवा कशी आहे?', 'महाबळेश्वरची हवा मानवली', 'त्याच्या डोक्यात हवा गेलीये', 'कॉलेजात काय हवा होती त्याची!', 'बॉसला बघून हवा टाइट'. हवामान, तब्येत, गर्व, वट, भीती, सगळं एका शब्दात. मला विचाराल तर 'ची'ला सगळ्यात जवळचा मराठी शब्द हाच. प्राण आठवतो हे खरं, आणि श्वासाचं नातं दोन्हीकडे आहेच. पण प्राण म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जिवंत देह येतो. चिनी विचारात मात्र डोंगर, दगड, ढग यांनाही ची असते. नव्हे, ते 'ची'चेच बनलेले असतात.

मग 'एनर्जी' आली कुठून? पॅरिसहून! जॉर्ज सूलिए द मोराँ हा फ्रेंच माणूस चीनमध्ये राजनैतिक नोकरीत होता. परतल्यावर त्याने युरोपात अॅक्युपंक्चरचा प्रसार केला, आणि १९३९ साली त्याच्या मोठ्या ग्रंथाचं प्रकाशन सुरू झालं. 'ची'ला 'एनर्जी' आणि शरीरातल्या वाटांना 'मेरिडियन' हे शब्द रूढ केले ते त्याने. वीज आणि इंजिनांच्या जमान्यातल्या वाचकांना ते लगेच पटले. पाउल उन्शुल्ड या जर्मन अभ्यासकाने या भाषांतरावर कडक टीका केलीये; जुन्या वैद्यकीय ग्रंथांतली ची त्यांना वाफेसारखी दिसते.

रोपं ओढणारा शेतकरी

तत्त्वज्ञ मंडळींकडे वळलं की 'ची' आणखी इंटरेस्टिंग होते. झ्वांगझी हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला अवलिया. त्याच्या नावावरच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. त्याची बायको वारते. मित्र भेटायला येतो तर हा पाय पसरून, घमेलं वाजवत गातोय! मित्र चिडतो. झ्वांगझी सांगतो, सुरुवातीला मलाही दुःख झालंच. मग विचार केला, तिच्या जन्माआधी जीव नव्हता, देह नव्हता, ची'सुद्धा नव्हती. त्या अस्पष्टातून ची झाली, ची'तून देह, देहातून जीव. आणि आता पुन्हा एक बदल, जसे ऋतू बदलतात तसा. ची गोळा झाली की जन्म, पांगली की मरण. पुढे अकराव्या शतकात चांग त्साय या विचारवंताने हेच आणखी ताणलं. पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचं पाणी, तशी ची घट्ट होऊन वस्तू बनते आणि पुन्हा विरते. म्हणजे तुम्ही, मी, ऑफिसचं कॉफी मशीन, सगळे तात्पुरते बर्फाचे खडे. यात 'लेव्हल वाढवणं' कुठे बसणार?

माझा फेव्हरिट मात्र मेन्शियस. तोही साधारण त्याच काळातला, कन्फ्युशियसच्या परंपरेतला. आपण आपली पुरासारखी विशाल ची जोपासतो, असं तो सांगतो. विद्यार्थी विचारतो, म्हणजे काय? मेन्शियस आधी कबूल करतो की सांगणं अवघड आहे. मग म्हणतो, ही ची वाढते योग्य वागण्याने, तेही रोजच्या रोज. एखाद्या दिवशी एकदम चांगलं वागून ती हाती लागत नाही, आणि मनाला न पटणारं काम केलं की ती उपाशी मरते. (ही ओळ वाचून मला अप्रेझलच्या फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहिलेली वाक्यं आठवली. असो.) त्याच्याच पुढे तो सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. भाताची रोपं वाढत नाहीत म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येक रोप थोडं थोडं वर ओढतो. दमून घरी येतो आणि म्हणतो, 'आज खूप काम केलं, रोपांना वाढायला मदत केली!' मुलगा धावत शेतावर जातो, तर सगळी रोपं सुकलेली. चिनी भाषेत 'रोपं ओढणं' हा वाक्प्रचार आजही चालतो. 'दोन दिवसांत ची जागृत करा' अशी जाहिरात दिसली की मला हा शेतकरी दिसतो.

सुया, थडगी आणि पातेली

शरीरातल्या 'ची'च्या वाटांबद्दल बोलायचं तर मावांगत्वेइला जायला हवं. चीनमधल्या चांगशा शहराजवळ १९७० च्या दशकात उघडलेली ही थडगी. त्यातलं एक इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं. आत रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले, शिवाय व्यायाम करणाऱ्या ४४ माणसांचं रंगीत चित्रही. त्या ग्रंथांत शरीरातल्या वाटा अकरा आहेत. पुढच्या, आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रंथात त्या बारा झाल्या! म्हणजे कुणी शरीर उघडून मोजलेल्या नळ्या नव्हेत या. विचार करत करत आखलेला नकाशा आहे. फेंगशुईचंही तेच. शब्दशः अर्थ 'वारा-पाणी'. वारा ची उधळून लावतो, पाणी तिला अडवतं. म्हणून जागा कशी निवडायची याचं हे शास्त्र. कसली जागा? या विषयाचा जो मूळ ग्रंथ मानतात, त्याचं नावच 'दफनाचा ग्रंथ' असं आहे. पूर्वजांना कुठे पुरायचं ते त्यात सांगितलंय. आणि डेस्कवरचा लाफिंग बुद्धा? तो दहाव्या शतकातला बूदाय नावाचा थैलीवाला भिक्षू. त्याचा वायफायच्या रेंजशी जेवढा संबंध, तेवढाच 'ची'शी.

अॅक्युपंक्चर भारतात रुजण्याच्या गोष्टीत सोलापूरही डोकावतं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिथेच गेले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकात पुन्हा चीनला गेले आणि येताना सुयांची विद्या घेऊन आले.

त्या सुया काम करतात का? जर्मनीत पाठदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना फरक पडला. शास्त्रशुद्ध अॅक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना. आणि मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनी? ४४.२! सुया टोचल्याने बरं वाटलं, पण त्या 'ची'च्या वाटेवर टोचल्या की भलतीकडे, याने फारसा फरक पडला नाही. 'ची' मोजणारं यंत्र आजवर कुणी बनवू शकलेलं नाही. मी गेलेल्या एका वर्कशॉपमध्ये (नाव नको) तळहात जवळ आणून 'आता उब जाणवतेय ना, हीच ची!' असं सांगितलं गेलं. जाणवली, खोटं कशाला बोला. पण आत्ता हे वाचता वाचता डाव्या पायाच्या अंगठ्याकडे नीट लक्ष द्या. तिथेही काहीतरी सुरू झालं असेल.

हे सगळं गमतीवर नेण्यासारखं नाही, कारण चीननेच याची किंमत मोजलीये. 'चीगोंग' हे आज प्राचीन वाटणारं नाव उपचारपद्धती म्हणून रूढ झालं ते १९५० च्या दशकात, सरकारी आरोग्यधामांमधून. सांस्कृतिक क्रांतीत त्यावर संक्रांत आली. मग १९८० च्या दशकात जो ताप चढला तो विचारू नका! बागा भरून गेल्या. येन शिन नावाचे गुरू स्टेडियममध्ये 'ची' सोडत. १९८७ मध्ये ईशान्य चीनच्या जंगलातला वणवा त्यांनी ची'ने विझवायला मदत केली, असाही दावा झाला. देशाच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक छ्येन श्वेसन यांच्यासारखा शास्त्रज्ञ या प्रकाराच्या पाठीशी होता. विश्वातली ची पकडायला डोक्यावर पातेली घालून बसलेल्या माणसांचे फोटो त्याच काळातले. हसू येतं, पण त्या गर्दीत कॅन्सरचे रुग्णही होते. २५ एप्रिल १९९९ ला फालुन गोंगचे दहा हजारांहून अधिक अनुयायी बीजिंगमध्ये सत्ताकेंद्राबाहेर शांतपणे उभे राहिले. जुलैत बंदी आली, पाठोपाठ धरपकड आणि तुरुंग. श्वासाच्या व्यायामाचं राजकारण झालं ते असं.

म्हणून सर्वज्ञ मित्राने 'ब्लॉक' म्हटलं तर त्याला एवढंच विचारा, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासलं का? महिनोन्महिने टिकणारा थकवा किंवा हाताला लागणारी गाठ ही डॉक्टरकडे न्यायची गोष्ट आहे, वर्कशॉपला नव्हे.

रात्री दोन वाजताचा थर्मास

आज चीनमधले आपल्या वयाचे लोक काय करतात? त्यांच्याकडे '९९६' हा शब्द आहे : सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. तरी रात्री जागणं, जंक खाणं आणि मग पश्चात्ताप म्हणून थर्मासमध्ये गोजी बेरी टाकून गरम पाणी पिणं चालूच असतं. त्याला त्यांनी मस्त नाव दिलंय, 'पंक आरोग्यसाधना'. बिअरमध्ये गोजी बेरी टाकणारेही आहेत!

आणि हल्ली ही पोरं 'पादुआनचिन'कडे वळलीयेत. नाव सुंग काळापासूनचं, आठ साध्या हालचाली, बारा-पंधरा मिनिटांचा खेळ. आजी-आजोबांचा म्हणून ज्याला हसायचे तो प्रकार आता मोबाइलवर बघून ऑफिसच्या पॅन्ट्रीत चालतो. संथ हालचाली आणि श्वासाचा फायदा व्हायला 'ची'वर विश्वास असावाच लागतो असं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरच्या अभ्यासात, ताई ची करणाऱ्यांचा तोल स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला आणि ते पडलेही कमी. (या ताई ची'तला 'ची' वेगळा शब्द आहे बरं का, अक्षरही वेगळं!)

करून बघायचं असेल तर आठवी हालचाल सगळ्यात सोपी. सरळ उभं राहायचं, टाचा उचलायच्या, क्षणभर थांबायचं आणि टाचा धप्पकन खाली सोडायच्या. असं सात वेळा. फक्त रात्री अकरानंतर नको. खालच्या मजल्यावरच्या काकूंना 'शंग-ची' व्हायचा!