ब्लॅक घोस्ट घरी आणण्याआधी

मासे विकणाऱ्या दुकानात बोटभर लांबीचा, काळाभोर, शेपटीवर पांढरे पट्टे असलेला एक मासा असतो. त्याचे नाव ब्लॅक घोस्ट. 'भूत मासा' म्हटल्यावर मुले अब्बांचा हात सोडत नाहीत, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन, ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या काळोखात डोळे फारसे कामाचे नसतात, म्हणून तो विजेने चाचपडतो. शेपटीकडचा अवयव सेकंदाला सुमारे हजार वेळा अगदी सौम्य वीज सोडतो. जवळ दगड, अळी किंवा दुसरा मासा आला की त्या विजेचा आकार बदलतो आणि कातडीला ते कळते. आपल्या हाताला काहीच जाणवत नाही. झटका देणारी इलेक्ट्रिक ईल याच गटातली असली तरी तिची गोष्ट वेगळी. पाण्यात सोडलेल्या दोन तारा बॅटरीवरच्या छोट्या अॅम्प्लिफायरला जोडल्या, तर ही वीज गुणगुणल्यासारखी ऐकू येते. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगला प्रयोग कोणता! (तारा घरच्या विजेला मात्र मुळीच जोडू नयेत.)

याच गटातल्या काचेसारख्या पारदर्शक आयगेनमानियाची तर कमालच. दोघांच्या विजेचा वेग जवळजवळ सारखा झाला की दोघेही आपापला वेग थोडा बदलून घेतात, म्हणजे गोंधळ होत नाही. वातानाबे आणि ताकेदा या जपानी संशोधकांनी हे १९६३ साली दाखवून दिले.

आता घरचा हिशेब. दुकानातला बोटभर मासा पुढे फूट-दीड फुटाचा होतो. दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. पाच-सहा फुटांची, चांगल्या फिल्टरची टाकी लागते. ती ठेवायला जागा नसेल, तर मुलाला स्पष्ट नाही म्हणावे. लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा पुरतो. त्यात तो आडवा पडून राहतो आणि घरचे मेला म्हणून घाबरतात. खाणे दिवे मालवल्यावर द्यावे: गांडुळे, गोठवलेल्या अळ्या. छोटे निऑन मासे सोबत ठेवले तर एक-एक करून नाहीसे होतील. दोन ब्लॅक घोस्ट एका लहान टाकीत भांडतात. औषध टाकताना मात्रा जपावी, त्याला ते लवकर बाधते.

आणि मोठा झाला म्हणून त्याला तळ्यात किंवा विहिरीत सोडू नये. असाच सोडून दिलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा आज आपल्याकडच्या कोळ्यांची जाळी फाडतो आहे. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवावे, वाढल्यावर परत घेणार का?