अरबी शिकायची, पण कोणती?

रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतली माणसं आखाती देशांत कामाला आहेत. आता बायकाही जातात, कुणी नर्स म्हणून, कुणी घरकामाला. जाण्याआधी अरबी शिकावी का, असं आम्हाला गटात विचारतात. शिकावीच. पण अरबी एक नाही.

पुस्तकांत, बातम्यांत, करारपत्रात असते ती 'फुस्हा'. घरात-बाजारात बोलतात ती देशोदेशी वेगळी. 'मला हवं' याला फुस्हात 'उरीद', आखातात 'अब्घा' किंवा 'अबी', आणि इजिप्तची बाई 'आयझा' म्हणेल. कामाला जाणारीने आधी आखाती बोली कानावर घ्यावी.

घाबरू नका, थोडी अरबी आपण रोज बोलतोच. हिशेब, रक्कम, बाकी, कर्ज, जामीन हे बचत गटाच्या वहीतले शब्द मूळ अरबीच. अर्थ मात्र तपासून घ्यायचा. तिकडे 'गरीब' म्हणजे परका किंवा विचित्र! शब्दांची कुटुंबंही असतात : किताब म्हणजे पुस्तक, कातिब लिहिणारा, मकतब कार्यालय, मकतबा ग्रंथालय. क-त-ब ही तीन अक्षरं सगळ्यांत आहेत.

लिपीत २८ अक्षरं, उजवीकडून डावीकडे. जागेप्रमाणे अक्षराचं रूप बदलतं आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. ज्या लहानपणी कुराण वाचायला शिकल्या, त्यांना अक्षरं ओळखीची असतात; अर्थ वेगळा शिकावा लागतो.

सगळ्यात आधी शिका ते आकडे. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्या शून्यासारखा गोल म्हणजे पाच. अक्षरं उजवीकडून, पण आकडे डावीकडूनच वाचायचे. पगार १५०० असेल तर एक उभी रेघ, एक गोल, दोन ठिपके दिसतील. 'रातिब' म्हणजे पगार, 'अक्द' म्हणजे करार, 'जवाज' म्हणजे पासपोर्ट. सही करण्याआधी एवढं तरी ओळखता यायला हवं.

कामापुरतं बोलणं रोजच्या सरावाने काही महिन्यांत जमतं. दुभाषी व्हायचं असेल तर वर्षं द्यावी लागतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी वर्गातले सुमारे २२०० तास धरतं. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे, शिकलेल्या मुलींनी तिथे चौकशी करावी.

पुढच्या वेळी वही-पेन घेऊन बसा. वाहिद, इथ्नेन, थलाथा... दहापर्यंत आकडे म्हणून घेऊ.