अल्बम विकला जातो, वही रद्दीत जाते : तिकीट-संशोधनाच्या पुरस्कारांविषयी

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. टपाल तिकिटं जमवणं हा शाळकरी वयातला छंद. त्यात संशोधन कसलं, आणि त्या संशोधनाला पदक कसलं? प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तराची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या छोट्या संग्राहक मंडळात एक ज्येष्ठ सभासद होते. सगळे त्यांना काका म्हणत. महागडं तिकीट त्यांच्याकडे एकही नव्हतं. त्यांचा जीव रेल्वे टपालाच्या शिक्क्यांवर. धावत्या गाडीतल्या टपालाच्या डब्यात पत्रांवर जो शिक्का मारत, त्यावरून डबा कुठल्या मार्गावरचा, फेरी जातीची की येतीची, हे कळतं. काकांनी असे शेकडो शिक्के पाहून चार जाड वह्या भरल्या होत्या. कुठला शिक्का कधी बदलला, कधी बंद झाला, सगळं त्यात. आम्ही दर बैठकीला म्हणायचो, "काका, लिहा हो हे एकदा नीट." ते म्हणायचे, "लिहितो. अजून दोन शिक्के जुळत नाहीत."

काका गेले. घरच्यांनी अल्बम विकले, त्यात गैर काही नाही. वह्या मात्र रद्दीत गेल्या. आम्ही चौकशीला गेलो तोवर महिना उलटून गेला होता. तिकिटं आजही कुणाच्या तरी संग्रहात आहेत. पण त्यांचा अर्थ सांगणारा मजकूर कायमचा गेला. यात दोष घरच्यांचा नाही, आमचा. "लिहा हो" म्हणणं सोपं असतं. लिहायला माणसाला तारीख लागते, वाचणारा लागतो, आणि चूक दाखवणारा लागतो. संशोधनाचे पुरस्कार या तीन गोष्टी पुरवतात.

आता हे जगात कसं सुरू झालं ते पाहू. लंडनमधली फिलाटेलिक सोसायटी १८६९ सालची. पुढे ती 'रॉयल' झाली. तिचे एक अध्यक्ष होते लॉर्ड क्रॉफर्ड. हे गृहस्थ मूळचे खगोलशास्त्राचे अभ्यासक. तिकिटांकडे वळल्यावर त्यांनी तिकिटांइतक्याच आस्थेने तिकिटांविषयीची पुस्तकं, मासिकं, किंमतयाद्या जमवल्या. अमेरिकन संस्थेचे पहिले अध्यक्ष टिफनी यांच्या मृत्यूनंतर त्यांचं अख्खं ग्रंथालय क्रॉफर्ड यांनी विकत घेतलं. आज हा सारा ग्रंथसंग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. १९१३ साली क्रॉफर्ड वारले. त्यांच्या नावाचं क्रॉफर्ड पदक तिकीटशास्त्रातल्या सर्वांत मौलिक आणि उपयुक्त ग्रंथाला देतात. सोसायटीचं दुसरं पदक टॅपलिंग यांच्या नावाचं. ते सोसायटीच्या 'द लंडन फिलाटेलिस्ट' या नियतकालिकातल्या उत्तम लेखासाठी असतं. म्हणजे ग्रंथ वेगळा, लेख वेगळा. हा भेद महत्त्वाचा, कारण प्रत्येकाकडे पुस्तकाएवढी सामग्री नसते, पण आठ पानांचा पक्का लेख अनेकांकडे असतो. अमेरिकेत १९४० पासून लफ पुरस्कार आहे. त्यात संशोधनाचा विभाग संस्थेच्या सेवेपासून मुद्दाम वेगळा ठेवला आहे. वर्षानुवर्षं खुर्च्या मांडणारा कार्यकर्ता आणि वर्षानुवर्षं शिक्के तपासणारा अभ्यासक, दोघेही मानाचे, पण एकाच मापाने मोजायचे नाहीत.

आपल्या देशाकडे येऊ. फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ मध्ये स्थापन झाली आणि त्याच काळात तिचं नियतकालिकही निघालं. भारतीय तिकिटांवरच्या ज्या ग्रंथाला क्रॉफर्ड पदक मिळालं, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८५४ साली भारतभर चालणारी तिकिटं कलकत्त्यात शिळाछापावर छापली गेली. त्यातलं चार आण्यांचं तिकीट दोन रंगांचं : लाल चौकट, आत राणी व्हिक्टोरियाचं निळं डोकं. दोन रंग म्हणजे कागद छापयंत्रातून दोनदा काढायचा. एखादा कागद दुसऱ्या फेरीला उलटा लागला, की चौकट सरळ आणि राणी खाली डोकं वर पाय! अशी तिकिटं निघाली, लोकांनी पत्रांना चिकटवली, आणि बरीच वर्षं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आज ती जगातल्या दुर्मीळ तिकिटांत मोडतात.

डी. आर. मार्टिन आणि ई. ए. स्मिदीज या दोघांनी या चार आण्यांच्या तिकिटावर १९३० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. स्मिदीज हे जंगल खात्यातले अधिकारी. पोटापाण्याला झाडं, आवडीला तिकिटं. एका तिकिटावर अख्खा ग्रंथ कशासाठी? कारण शिळाछापात दगडावर एकच चित्र पुन्हा पुन्हा उतरवतात आणि प्रत्येक वेळी कुठे रेघ तुटते, कुठे ठिपका राहतो. या बारीक खुणांवरून तिकीट कागदावरच्या नेमक्या कुठल्या जागेचं, हे ओळखता येतं. या चार आण्यांत डोक्याचे तीन आणि चौकटीचे दोन ठसे अभ्यासक वेगळे करतात. सुट्या तिकिटांवरून छापखान्यातलं काम पुन्हा उभं करायचं, असा हा उद्योग आहे. आणि त्याचा रोकडा उपयोगही आहे : खऱ्या तिकिटाची जागा ठरलेली असते, त्यामुळे बनावट तिकीट पकडलं जातं.

"पण हे साहेबलोकांचं झालं," असं कुणी म्हणेल. तर मग परीक्षणाचे गुण बघा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत तिकिटांची पारंपरिक मांडणी तपासताना १०० पैकी ३० गुण तिकिटांची स्थिती आणि दुर्मीळता यांना असतात. म्हणजे तिथे खिसा बोलतो. लेखनाच्या विभागात हा रकानाच नाही. तिथे मजकुराच्या हाताळणीला ४०, मौलिकता, महत्त्व आणि संशोधनाची खोली यांना ४०, तांत्रिक बाबींना १५ आणि देखणेपणाला ५. गुळगुळीत कागदावर रंगीत पुस्तक छापलं तरी पाचच्या वर मिळायचं नाही! लाखाचं तिकीट नसलेल्या माणसाला बरोबरीने बसता येईल अशी या छंदातली ही पंगत आहे. आमचे काका याच पंगतीतले होते.

मौलिकता म्हणजे काय, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. नाशिकचं उदाहरण घ्या. १९२५ पर्यंत आपली तिकिटं बहुतेक लंडनहून छापून येत. त्या वर्षी नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि १९२६ पासून पंचम जॉर्जची तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. चित्र जवळपास तेच. मग लंडनचं कुठलं, नाशिकचं कुठलं? तिकीट पालथं घालून कागदातला वॉटरमार्क पाहायचा. लंडनच्या तिकिटामागे एकच तारा, नाशिकच्या कागदात ताऱ्यांची रांगोळी. आता हेच कुणी नव्या लेखात लिहिलं, तर ती चांगली माहिती झाली, संशोधन नव्हे. कॅटलॉगमध्ये ते आधीच आहे. पण एखाद्याने आपल्या तालुक्याच्या पोस्टातून गेलेली त्या काळची दोनशे पाकिटं जमवली आणि नाशिकची तिकिटं तिथे कधी पोचली, लंडनचा साठा किती दिवस पुरला, हे तारखांच्या शिक्क्यांवरून दाखवलं, तर ते नवीन. सामग्री साधी, प्रश्न नवा, पुरावा तपासता येण्याजोगा. पुरस्कार द्यायचा तो अशाला.

काकांनंतर आमच्या मंडळानेही एक छोटा लेखन-पुरस्कार ठेवला. रक्कम नाममात्र. पहिल्या वर्षी एकही लेख आला नाही. आम्ही खट्टू झालो, मग विचारलं, तेव्हा कारणं कळली. एकाला टाइप करता येत नव्हतं. दुसऱ्याला वाटत होतं, इंग्रजीतच लिहावं लागेल. तिसरे म्हणाले, "परीक्षकही तुम्ही, स्पर्धकही तुम्ही, आम्ही कशाला यात पडू?" तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. दुसऱ्या वर्षी आम्ही नियम बदलले. हस्तलिखित चालेल, टाइप आम्ही करू. मराठी चालेल. परीक्षकाने स्वतःचा लेख द्यायचा नाही. आणि सर्वांत उपयोगी पडला तो चौथा नियम : लेख नाकारला तरी परीक्षकाने एक पान लिहून कारण सांगायचं. त्या वर्षी पाच लेख आले. पुरस्कार एकालाच मिळाला, पण उरलेल्या चौघांपैकी दोघांनी ते एक पान वाचून लेख पुन्हा लिहिले. आमच्या मते तोच खरा निकाल.

पदकाने माणूस बिघडतोही, हे मान्य केलं पाहिजे. पदकासाठी पानं फुगवणारे असतात, दुसऱ्याचा शोध आपल्या नावावर खपवणारेही असतात. म्हणून लेखात कुठली गोष्ट कुणी आधी सांगितली, हे स्पष्ट लिहायला लावा. आणि जिथे खात्री नाही तिथे "अजून जुळत नाही" असं लिहायची मुभा द्या. काका त्या दोन शिक्क्यांसाठी थांबले. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की न जुळलेले दोन शिक्के तसेच लिहा, पुढचा माणूस जुळवील.

तुमच्याही घरात, शेजारात अशी एखादी वही असेल. तिकिटांचीच असं नाही. नाण्यांची, जुन्या पोस्टकार्डांची, काड्यापेटीच्या छापांचीही असेल. ती कुणाची आहे ते विचारा, जमलं तर पानांचे फोटो काढून ठेवा, आणि त्या माणसाला एक तारीख द्या. एवढं सांगून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.